तात्पुरता बायपास: सुरक्षा तपासणाऱ्या खात्यांना खुलं पत्र

कारखाने तपासणारे, वाहतूक बघणारे आणि फोन-नेटवर्कचे नियम करणारे अशा तिन्ही खात्यांतल्या साहेब आणि मॅडम मंडळींना,

नमस्कार.

तिघांना एकच पत्र का, ते पुढे येईलच. आधी मी कोण ते सांगतो. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. प्लांटमध्ये टाकीची लेव्हल दाखवणारे ट्रान्समीटर, प्रेशर गेज, अलार्म, आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह, हे सगळं नीट चालतंय का बघायचं आणि बिघडलं की दुरुस्त करायचं, एवढंच माझं काम. इंजिनिअर नाही, युनियन लीडर नाही, कुठल्या पक्षाचाही नाही. नाव देत नाहीये कारण नोकरी लागते, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक सर्क्युलर आलं की यापुढे दरवर्षीची प्रत्यक्ष तपासणी होणार नाही, कंपनीने स्वतःच ऑनलाइन फॉर्म भरून सगळं ठीक आहे असं लिहून द्यायचं. स्वयंप्रमाणन म्हणतात त्याला. दोन दिवसांनी मॅनेजर साहेबांनी टॅब माझ्या हातात दिला आणि म्हणाले, सतरा नंबरपासून तुझं डिपार्टमेंट, टिक कर आणि सही कर. एकोणीस नंबरला प्रश्न होता: "सर्व सेफ्टी इंटरलॉक कार्यरत आहेत का?" इंटरलॉक म्हणजे धोका दिसला की व्हॉल्व्ह किंवा मशीन आपोआप बंद करणारी जोडणी. होय आणि नाही असे दोन चौकोन. मी गंमत म्हणून 'नाही' दाबून बघितलं, तर फॉर्म पुढेच जाईना. लाल अक्षरात आलं, कृपया योग्य पर्याय निवडा.

म्हणजे योग्य पर्याय कोणता हे फॉर्मला आधीच माहीत आहे, मग विचारता कशाला?

मी टॅब परत दिला, म्हटलं उद्या करतो. तो उद्या काही अजून उजाडलेला नाही आणि म्हणून हे पत्र.

आता जे सांगतोय ते मी आजवर बायकोलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. काही वर्षांपूर्वी, तेव्हा मी दुसऱ्या कंपनीत होतो, तिथे सॉल्व्हंटच्या एका टाकीवर हाय-हाय लेव्हल स्विच होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टाकीवर लेव्हल दाखवणारा एक ट्रान्समीटर असतो, कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर तो टक्केवारी दाखवतो, आणि त्याच्याशी काही संबंध नसलेला दुसरा एक स्विच अगदी वरती बसवलेला असतो. ट्रान्समीटर खोटं बोलला, ऑपरेटर चुकला, काहीही झालं तरी द्रव त्या स्विचपर्यंत पोचला की कॉन्टॅक्ट उघडतो, रिले म्हणजे व्हॉल्व्हचा करंट तोडणारा स्विच पडतो, इनलेट व्हॉल्व्ह बंद. शेवटचा राखणदार म्हणा. तर आमचा हा राखणदार उगाचच भुंकायचा, पंपाच्या हादऱ्याने कॉन्टॅक्ट सुटायचा आणि टाकी अर्धी असतानाच व्हॉल्व्ह बंद व्हायचा. आठवड्यातून तीन-चारदा. प्रॉडक्शनवाले वैतागले. नवीन स्विचची मागणी टाकली, ती परचेसमध्ये पडून राहिली, आणि एका शिफ्टला इन्चार्ज म्हणाला, अरे तात्पुरता बायपास करून टाक ना, स्पेअर आला की काढू.

मी पॅनेल उघडलं, चौदा आणि पंधरा नंबरच्या टर्मिनलमध्ये वीतभर लाल वायरचा तुकडा टाकला आणि स्क्रू आवळले. दोन मिनिटांचं काम. आता स्विच काहीही बोलला तरी रिलेला सर्किट पूर्णच दिसणार. त्यावर कागदी टॅग लावला आणि पेनने लिहिलं 'तात्पुरता', खाली तारीख. त्या टॅगवरची शाई पुढे इतकी उडून गेली की तारीख वाचता यायची नाही, 'तात्पु' एवढंच राहिलं होतं. वायर तिथे अकरा महिने होती.

आणि मधल्या काळात तुमच्या खात्याची तपासणी झाली बरं का. आठ दिवस आधी पत्र आलं होतं, अमुक तारखेला येतोय म्हणून. आठ दिवस रंगकाम चाललं, फायर एक्स्टिंग्विशरवर नवे स्टिकर लागले, आणि तपासणीच्या दिवशी सकाळी मला सांगितलं की तो जंपर, म्हणजे ती लाल वायर, काढ. मी काढला. साहेब आले, कॉन्फरन्स रूममध्ये बसले, फाइली बघितल्या, कॅलिब्रेशनची सर्टिफिकेटं बघितली, दोन ठिकाणी चष्मे-हेल्मेट घातलेल्या लोकांचे फोटो काढले, चारच्या आत गेले. सव्वाचारला मी जंपर परत लावला. पॅनेल कॉन्फरन्स रूमपासून साठ पावलांवर होतं.

त्यानंतर साधारण चार महिन्यांनी, रात्रपाळीत, ट्रान्समीटर एकाहत्तर टक्क्यांवर अडकला. स्क्रीनवर एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर. टाकी भरत होती आणि आकडा हलत नव्हता. ऑपरेटर एकटा, त्याच्यासमोर दोन प्लांटचे स्क्रीन, त्याच्या लक्षात यायला उशीर झाला तोवर व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवा जायच्या नळीतून, सॉल्व्हंट खाली डाइकमध्ये, टाकीभोवतीच्या भिंतीच्या आतल्या खोलगट जागेत, पडायला लागलं होतं. आमचा एक हेल्पर होता, मला दादा म्हणायचा, वास आल्यावर तो हाताने व्हॉल्व्ह बंद करायला डाइकमध्ये उतरला. उतरला तो तिथेच बसला. वाफेने. त्याला बाहेर काढेपर्यंत जो वेळ गेला त्यात जे काय व्हायचं ते झालं. ठिणगी पडली नाही हे नशीब, नाहीतर मी हे लिहायला नसतो. पोरगा जगला, पण आज जिना चढताना अर्ध्यात थांबतो आणि बोलता बोलता शब्द विसरतो. वय तेव्हा सव्वीस.

मी त्या रात्री ड्युटीवर नव्हतो. सकाळी साडेसहाला पोचलो आणि सगळ्यात आधी पॅनेल उघडलं. जंपर नव्हता. मी काढला नव्हता.

चौकशी झाली, रिपोर्टमध्ये कारण आलं 'ऑपरेटरचं दुर्लक्ष'. त्याला कामावरून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि चोरांपैकी एक मी होतो, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी तेव्हा बोललो नाही. कुणी विचारलंच नाही हे खरं आहे पण ते पुरेसं कारण नाही हेही मला कळतं.

नंतर कधीतरी मी बन्सफिल्डबद्दल वाचलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. इंग्लंडमधला पेट्रोलचा डेपो, ११ डिसेंबर २००५, रविवार, पहाट. टाकी नंबर ९१२. तिचा गेज अडकला होता, आणि तो काही पहिल्यांदा नाही, ऑगस्टअखेरपासून त्या दिवसापर्यंत १४ वेळा अडकला होता. वरती वेगळा हाय लेव्हल स्विच होता, अगदी आमच्यासारखा. त्या स्विचला तपासणीसाठी एक छोटा दांडा होता आणि तो दांडा योग्य जागी राहावा म्हणून त्याला एक कुलूप लावायचं होतं. लोकांना वाटलं कुलूप म्हणजे कुणी छेडछाड करू नये म्हणून असेल, लावलं नाय तरी चालतंय. कुलूप नाही, दांडा खाली आला, स्विच मुका. अडीच लाख लिटरपेक्षा जास्त पेट्रोल ओसंडलं, वाफेचा ढग झाला आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट. ४३ जण जखमी. मेलं कोणी नाही कारण रविवारची पहाट होती, आजूबाजूची ऑफिसं रिकामी होती. सोमवारी सकाळी अकराला झालं असतं तर काय, विचार करा.

आता मला सांगा, त्या कुलपाबद्दल तुमच्या फॉर्ममध्ये कुठला चौकोन आहे? स्विच बसवला आहे का? होय. तपासणी झाली का? होय. सर्टिफिकेट आहे का? आहे. सगळं खरं आणि स्विच मेलेला.

म्हणून माझी पहिली तक्रार ही की तुम्ही कागद तपासता, वस्तू तपासत नाही. आणि आता तर कागदही तुम्ही नाही तपासणार, आम्हीच लिहायचा आणि आम्हीच पास करायचा. मला मान्य आहे की तपासणी म्हटलं की काही ठिकाणी चिरीमिरी, उगाच अडवणूक, शौचालयाच्या दारावर पाटी नाही म्हणून नोटीस, असले प्रकार होते, छोट्या युनिटवाल्यांना खरंच त्रास व्हायचा आणि स्वयंप्रमाणन आलं ते त्या रागातून. पण डॉक्टर लाच घेतो म्हणून पेशंटने स्वतःचं ऑपरेशन करायचं का? तपासणी नीट करा, ती बंद का करता?

आणि हे काही माझ्या छोट्या डोक्यातलं खूळ नाही. विमानांचं बघा. बोईंग ७३७ मॅक्सच्या वेळी अमेरिकेच्या विमान नियामकाने प्रमाणपत्राचं बरंचसं काम बनवणाऱ्या कंपनीच्याच माणसांवर सोपवलेलं होतं. नाक खाली दाबणारी जी नवी प्रणाली होती, एमसीएएस, ती एका वेळी एकाच सेन्सरवर विश्वास ठेवायची. एकाच! मी साधा टेक्निशियन, सॉल्व्हंटच्या टाकीला दोन वेगळी साधनं असतात हे मला पहिल्या वर्षी शिकवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये एक विमान पडलं, मार्च २०१९ मध्ये दुसरं, मिळून ३४६ माणसं. पहिल्यानंतर विमानं उडतच राहिली. दुसऱ्यानंतर जगभर जमिनीवर. वरातीमागून घोडं, आणि या घोड्याला यायला साडेचार महिने लागले.

नियम पाळला म्हणजे सुरक्षित झालं, हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे. टायटॅनिकवर २० लाइफबोटी होत्या, ११७८ माणसांपुरत्या, जहाजावर साधारण २२००. पण कायद्याने तर १६ बोटीच हव्या होत्या! कारण ब्रिटिशांच्या नियमाच्या तक्त्यातली शेवटची ओळ १०,००० टन आणि त्यावर अशी होती, आणि हे जहाज ४६ हजार टनांचं. तक्ता जुना, जहाज नवीन, मधल्या काळात कोणी ती ओळ बदलली नाही. त्या दिवशी फॉर्म असता तर टायटॅनिकने सगळ्या चौकोनांत होय लिहिलं असतं आणि खोटं काहीच नसतं.

टायटॅनिकचाच अजून एक धागा आहे आणि तो नेटवर्कवाल्या साहेबांनी जरा नीट वाचावा. जवळच कॅलिफोर्नियन नावाचं जहाज उभं होतं. त्यावर वायरलेस ऑपरेटर एकच, दिवसभर काम करून तो रात्री साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपला. टायटॅनिक हिमनगाला धडकलं ते त्यानंतर काही मिनिटांनी. मदतीचे संदेश हवेत होते, ऐकायला जवळचा कान बंद. चोवीस तास रेडिओ ऐकत राहायचा नियम जगाने केला तो त्यानंतर, १९१४ च्या करारात.

आमच्या त्या रात्रीही असंच झालं. कंट्रोल रूममधून अग्निशमन केंद्राला थेट लाइन होती. आधी ती तांब्याच्या तारेची जुनी लाइन होती, वीज गेली तरी चालायची कारण तिला करंट टेलिफोन एक्स्चेंजमधून यायचा. मग ती बदलून इंटरनेटवरचा फोन आला, छान काळा, स्क्रीनवाला. गळती झाली म्हणून ऑपरेटरने इमर्जन्सी शटडाऊन मारला, त्याबरोबर त्या भागाची वीज कट झाली आणि राउटरला बॅटरी नव्हती. फोन मेला. मोबाइल आत आणायला बंदी, ठिणगीच्या भीतीने, आणि ती बंदी बरोबरच आहे, त्यामुळे सगळ्यांचे मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये. शेवटी वॉचमन पळत गेला आणि गेटवरून फोन केला. पोरगा डाइकमध्ये बसलेला आणि आपण फोन शोधतोय, विचार करून बघा.

फोन बसवताना टेलिकॉमवाल्याने कनेक्शन दिलं, चालू आहे बघितलं आणि गेला. कारखाने खात्याच्या फॉर्ममध्ये 'संपर्क व्यवस्था आहे' याला होय. वीज घालवून फोन लावून बघणं हे कोणाच्याच कामात बसत नव्हतं. टँकरचंही तेच. ड्रायव्हर आमच्या गेटवर आला तेव्हा किती तास गाडी चालवून आलाय ते वाहतूकवाल्यांचं, टँकर भरताना ओव्हरफिल सेन्सर जोडला का ते कारखानेवाल्यांचं, वाटेत काही झालं तर हाक कशी मारायची ते नेटवर्कवाल्यांचं. गेटच्या रजिस्टरमध्ये इन-टाइम आउट-टाइम असतो, मी कितीदा बघितलंय, काल रात्री तीनशे किलोमीटर लांबच्या डेपोतून सुटलेला माणूस सकाळी आमच्याकडे उभा आणि डोळे तांबडे, आणि आम्ही त्याला ज्वलनशील माल भरून परत पाठवतोय. दोन गेटची दोन रजिस्टरं कोणी शेजारी ठेवून वाचत नाही. तुम्हा तिघांच्या हद्दी जिथे संपतात ना, बरोबर त्या फटीत आम्ही काम करतो. म्हणून तिघांना एक पत्र.

नेटवर्कवाल्यांनो, तुमच्याकडेही तात्पुरते जंपर आहेत, फक्त ते सॉफ्टवेअरमध्ये असतात. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेत सात राज्यांत आपत्कालीन ९११ नंबर जवळजवळ सहा तास कोलमडला होता, ६६०० हून जास्त कॉल पोचलेच नाहीत. कारण काय, तर कॉलना क्रमांक देणाऱ्या एका प्रोग्रॅमला ४ कोटींची मर्यादा घातलेली होती, ती भरली आणि तो क्रमांक द्यायचा थांबला. मशीन चालू, दिवे हिरवे, आणि घरात चोर शिरलाय म्हणून फोन लावणाऱ्या माणसाला पलीकडून काही आवाज नाही. ती मर्यादा कोणीतरी कधीतरी पुरेशी मोठी आहे म्हणूनच घातली असणार.

आणि २००२ चं युबरलिंगेन, जर्मनीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर, ७१ माणसं. झुरिकच्या कंट्रोल सेंटरमध्ये रात्री एकच माणूस दोन जागा सांभाळत होता, मुख्य टेलिफोन दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला आणि पर्यायी लाइन बिघडलेली. शेजारच्या सेंटरला स्क्रीनवर दोन ठिपके एकमेकांकडे येताना दिसत होते, ते फोन लावत राहिले, लागला नाही. एकटा माणूस, दोन स्क्रीन, मेलेला फोन. मला ते वाचताना आमची कंट्रोल रूमच दिसत होती.

दुसरी मोठी तक्रार, जी बोलायला सगळे कचरतात. जे खातं उत्पादन वाढावं, गुंतवणूक यावी म्हणून धडपडतं, त्याच खात्याच्या हाताखाली सुरक्षेची तपासणी ठेवू नका. कुंपणच शेत खाणार नाही याची काय खात्री? पायपर अल्फा हा उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८, १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून नेलेला, त्याचं परमिट वेगळ्या ठिकाणी, शिफ्ट बदलली, रात्रीच्या लोकांना सांगितलंच गेलं नाही आणि त्यांनी तोच पंप चालू केला. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त टोचते. जून १९८८ मध्ये, म्हणजे आदल्याच महिन्यात, सरकारी तपासनीस तिथे जाऊन आला होता. नंतर लॉर्ड कलेन यांच्या चौकशीत ती तपासणी अगदीच वरवरची ठरली. तेव्हा उत्तर समुद्रातलं तेलउत्पादन आणि तिथली सुरक्षा दोन्ही एकाच ऊर्जा खात्याकडे होतं. कलेन यांनी १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या आणि त्यानंतर सुरक्षेचं काम त्या खात्याकडून काढून वेगळ्या सुरक्षा संस्थेकडे दिलं. बरं, यातून जगाने शिकावं ना? २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन हा तेलविहीर खोदणारा तरंगता प्लॅटफॉर्म पेटला, ११ जण गेले, आणि तिथेही तेलाची रॉयल्टी गोळा करणारी आणि सुरक्षा बघणारी संस्था एकच निघाली. मग तिचेही तुकडे केले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

भोपाळबद्दल मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. एवढंच, की डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळणाऱ्या टॉवरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. सुरक्षेच्या यादीत दोन्हींची नावं होती.

आता मागण्या. फार नाहीत आणि बहुतेकांना पैसेही लागत नाहीत.

न सांगता या. आठ दिवस आधी पत्र पाठवणार असाल तर येऊच नका, आमचं रंगकाम वाचेल. रात्री या, रविवारी या, शिफ्ट बदलताना या. आल्यावर फाइल नंतर मागा, आधी इंटरलॉकच्या यादीवर डोळे मिटून बोट ठेवा आणि म्हणा, हा आत्ता माझ्यासमोर ट्रिप करून, म्हणजे खरोखर बंद पाडतो का ते चालवून, दाखवा. एकच. सगळे नकोत. ज्याला भीती आहे त्याचा चेहरा तिथेच कळेल. तुमच्याकडे माणसं कमी आहेत हे मला माहीत आहे, एकेका इन्स्पेक्टरकडे किती युनिट असतात ते बघितलंय, म्हणून तर म्हणतोय की शंभर ठिकाणच्या फाइली बघण्यापेक्षा दहा ठिकाणचा एकेक स्विच बघा.

प्रत्येक बायपासला मुदत असू दे. बायपास करावे लागतात, मी नाकारत नाही, चालू प्लांटमध्ये दुरुस्ती करायची तर पर्याय नसतो. पण कोणी सांगितलं, कधी लावला, कधी निघणार, तोपर्यंत त्याऐवजी काय, हे लेखी हवं, तोंडी चालणार नाही. मुदत संपली आणि वायर तशीच असेल तर ते तुमच्याकडे आपोआप कळलं पाहिजे. मला तेव्हा कोणी लेखी मागितलं असतं तर इन्चार्जने सही केली नसती आणि मी वायर लावली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

इमर्जन्सी फोन वीज घालवून तपासा, आणि ही तपासणी कोणाची ते तिन्ही खात्यांनी एका कागदावर लिहून सह्या करा. कोणाचीही चालेल, पण कोणाची तरी.

गेटच्या रजिस्टरचं सांगितलंच आहे. ड्रायव्हरचे तास मोजणारं यंत्र युरोपमध्ये ट्रकमध्येच असतं, तिथे दिवसाला साधारण ९ तासांची मर्यादा आहे. यंत्र जमेल तेव्हा आणा, पण भरण्याआधी ड्रायव्हर शेवटचा कधी झोपला हे विचारायची आणि थकलेल्याला भरायला नकार द्यायची जबाबदारी माल भरणाऱ्यावर टाका. आम्ही ओरडू, तरी टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाची मागणी, आमच्यासारख्यांना बोलायला जागा द्या. अमेरिकेत १९७६ पासून विमानवाल्यांसाठी एक पद्धत आहे, पायलट, कंट्रोलर, मेकॅनिक कोणीही आपली किंवा दुसऱ्याची चूक लिहून पाठवायची. ते रिपोर्ट नियामकाकडे जात नाहीत, नासाकडे जातात, तिथे नाव-गाव काढून टाकतात आणि मगच तो मजकूर सगळ्यांना वाचायला मिळतो. शिक्षा करणारा आणि ऐकणारा वेगळा ठेवलाय, यातच सगळं आलं. असे लाखो रिपोर्ट जमलेत. मला तेव्हा असं काही असतं तर अकरा महिन्यांत एकदा तरी मी लिहिलं असतं का? मला वाटतं लिहिलं असतं. खात्रीने सांगता येत नाही, मी काही फार शूर माणूस नाही. पण आत्ता तुमच्या हेल्पलाइनवर आधी नाव, मग कंपनी, मग एम्प्लॉयी नंबर विचारतात, आणि दोन दिवसांनी एचआर विचारतं की काय रे, तक्रार केलीस का. हे ऐकीव नाही, शेजारच्या डिपार्टमेंटमधल्या माणसाचं झालंय.

फॉर्म ठेवायचाच असेल तर ठेवा, निदान 'नाही' हा चौकोन चालू करा. 'नाही' लिहिणाऱ्या कंपनीला दंड करू नका, वेळ द्या आणि त्या वेळेनंतर बघायला या. दंड खोट्या 'होय'ला ठेवा, आणि तो सही करणाऱ्या टेक्निशियनच्या गळ्यात बांधू नका, ज्याने स्पेअरची फाइल अडवली त्याच्यापर्यंत जाऊ दे.

उत्तर मला वैयक्तिक नको, माझा पत्ता तुमच्याकडे नाहीच. ही स्वयंप्रमाणनाची सवलत कोणत्या धोक्याच्या प्लांटना दिली, कोणत्या आधारावर दिली आणि त्यांची शेवटची प्रत्यक्ष तपासणी कधी झाली, ही यादी जाहीर करा. त्या प्लांटच्या भिंतीला लागून राहणाऱ्या लोकांना ती वाचायचा हक्क आहे.

फॉर्मची शेवटची तारीख या महिन्याची तीस आहे. एकोणीस नंबरचा चौकोन अजून रिकामा आहे. सध्या आमच्या प्लांटवर दोन बायपास आहेत, एक सात आठवड्यांचा, एक त्याहून जुना, कुठे ते मी लिहीत नाही कारण लिहिलं तर सकाळपर्यंत दोन्ही निघालेले असतील आणि संध्याकाळी परत लागतील. न सांगता आलात तर दिसतील. पॅनेलची किल्ली शिफ्ट टेक्निशियनकडे असते, मागा, कोणी नाही म्हणणार नाही.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन